पाठ असलेला धडा आणि लाल पेशीचा प्रश्न

पत्राचा सारांश: पत्रलेखिका निफाड तालुक्यातील एका गावातून रोज एसटीने नाशिकच्या कनिष्ठ महाविद्यालयात येते. दहावीपर्यंत तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि विज्ञानाच्या दुसऱ्या भागात तिला ४० पैकी ३८ गुण होते. घरी द्राक्षबाग आहे. तिने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा आहे आणि ‘तुझे पाठांतर चांगले आहे, तुला बायो जड जाणार नाही’ असे घरच्यांचे व शेजारपाजाऱ्यांचे म्हणणे होते. तिने गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले. पेशीवरच्या धड्याच्या पहिल्याच चाचणीत तिला २५ पैकी ११ गुण मिळाले. ‘धडा शब्दन् शब्द पाठ होता,’ असे ती लिहिते, ‘आणि एक प्रश्न तर पुस्तकात शोधूनही सापडला नाही. पुढची दोन वर्षे हा विषय असाच असणार का? यात नेमके काय वाढून ठेवले आहे, ते कुणी आधी सांगत का नाही? की आत्ताच बायो सोडून नुसते गणित ठेवू?’

प्रिय विद्यार्थिनी,

पुस्तकात न सापडलेला तो प्रश्न तू पत्रात जसाच्या तसा उतरवून पाठवलास, हे फार बरे केलेस, कारण माझ्या उत्तराचा निम्मा भाग त्या प्रश्नातच आहे. इतर वाचकांसाठी तो येथे मराठीत देते: ‘माणसाच्या पक्व लाल रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. मग तिला ऊर्जा कोठून मिळते? मायटोकॉन्ड्रिया नसण्याचा शरीराला काय उपयोग होतो?’ प्रश्न तीन गुणांचा होता. तू मायटोकॉन्ड्रियाची दुहेरी पटले, आतल्या घड्या, ‘पेशीचे ऊर्जाघर’ हे सगळे व्यवस्थित लिहिलेस, शेजारी आकृतीही काढलीस आणि तुला त्यात एकही गुण मिळाला नाही. तुला हा अन्याय वाटतो. मी तीस वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले आहे. मी तपासनीस असते, तर मीही गुण दिला नसता. मात्र उत्तराखाली नुसता भोपळा न काढता दोन ओळी लिहून दिल्या असत्या.

त्या दोन ओळी आता लिहिते. ग्लुकोजच्या विघटनाचा पहिला टप्पा, म्हणजे ग्लायकोलायसिस, मायटोकॉन्ड्रियात होतच नाही. तो पेशीद्रव्यात होतो, त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, दोन रेणू निव्वळ हाती येतात. लाल पेशी आपला प्रपंच तेवढ्यावर चालवते. आता उपयोगाकडे पाहा. ऑक्सिजन खर्च करणारी यंत्रणाच पेशीत नसल्यामुळे, जो ऑक्सिजन ती फुप्फुसातून उचलते त्यातला थोडाही ती स्वतःसाठी वापरत नाही. शिवाय केंद्रक नाही आणि मायटोकॉन्ड्रियाही नाहीत, म्हणून मोकळी झालेली जागा हिमोग्लोबिनला मिळते. या सोयीची किंमतही तिला मोजावी लागते. केंद्रकाअभावी झीज भरून काढता येत नसल्यामुळे ती सुमारे १२० दिवसच टिकते.

आता तुझे दहावीचे पुस्तक काढ. त्यात सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या पहिल्या भागात ग्लायकोलायसिस आहे, ते पेशीद्रव्यात होते हेही लिहिलेले आहे आणि हा मजकूर तुला पाठ होता, कारण त्याच पुस्तकावर तुला ३८ गुण मिळाले. म्हणजे उत्तर तुझ्याजवळ होते. ते श्वसनाच्या धड्यात ठेवलेले होते आणि प्रश्न पेशीच्या धड्यावर विचारला गेला, एवढाच काय तो घोळ. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राकडून काय अपेक्षा ठेवावी, असे मला कुणी एका वाक्यात विचारले, तर मी हेच सांगेन की येथे प्रश्न एका धड्याच्या दारातून आत येतो आणि उत्तर घेण्यासाठी दुसऱ्या धड्यात जावे लागते.

‘बायो म्हणजे पाठांतराचा विषय’ हे वाक्य तुला सगळ्यांनी सांगितले आणि तूही ते मुकाट्याने खरे मानलेस. ते पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते फसवते. पाठांतराशिवाय जीवशास्त्र येते, असे कुणी सांगितले तर त्यावरही विश्वास ठेवू नकोस. वर्गीकरणातील संघ, त्यांची लक्षणे, उदाहरणे, संप्रेरकांची नावे, ती स्रवणाऱ्या ग्रंथी, हे सगळे तोंडपाठ असावेच लागते आणि ज्याला हे पाठ करण्याचा मनापासून कंटाळा आहे, त्याला मी हा विषय घेण्याचा आग्रह करणार नाही. पण दहावीत जे पाठ आहे तेच विचारले जाई. येथे पाठ असलेले हाताशी असेल असे गृहीत धरून त्याच्या पुढचे विचारतात. ‘काय’ आणि ‘कोठे’ यांच्या जोडीला ‘कसे’, ‘कशामुळे’ आणि ‘हे नसते तर’ असे प्रश्न येतात. स्वयंपाकघरात डबे भरलेले असणे आणि त्यातून वेळेवर स्वयंपाक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझे डबे भरलेले आहेत, हे लहानसहान भांडवल नाही.

‘काय वाढून ठेवले आहे’ याचे उत्तर आकड्यांत द्यायचे, तर राज्य मंडळाच्या सध्याच्या पुस्तकांत अकरावीला १६ आणि बारावीला १५ प्रकरणे आहेत. अकरावीचा पहिला भाग अनेकांना रूक्ष वाटतो, कारण सजीवांचे वर्गीकरण, वनस्पतिसृष्टी, प्राणिसृष्टी असे नावानावांचे डोंगर तिथे एकापाठोपाठ येतात. मग पेशी, जैवरेणू, पेशीविभाजन, ऊती, एक पूर्ण प्रकरण झुरळावर आणि नंतर प्रकाशसंश्लेषण, श्वसन, पचन, उत्सर्जन, सांगाडा व हालचाल. बारावीला वनस्पती व प्राण्यांचे प्रजनन, आनुवंशिकता, तिचा रेणवीय पाया, उत्क्रांती, वनस्पतींमधील पाण्याचे वहन, वाढ व पोषण, रक्ताभिसरण, चेतासंस्था, आरोग्य व रोग, अन्नोत्पादन, जैवतंत्रज्ञान आणि शेवटी परिसंस्था व जैवविविधता. माझ्या अनुभवात विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास अडखळतात. एक म्हणजे अकरावीचे जैवरेणू, कारण ते रसायनशास्त्रासारखे दिसते आणि ‘हे बायोमध्ये कशाला’ म्हणून मुले ते चाळून सोडतात. दुसरे म्हणजे बारावीचा आनुवंशिकतेचा रेणवीय पाया. दुसऱ्यात जे अडखळतात, त्यांचे पहिले कच्चे राहिलेले असते. शेवटची पर्यावरणाची प्रकरणे सोपी आहेत, त्यांची चिंता करू नकोस.

प्रकरणे एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, हे दाखवायला मी वर्गात नेहमी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घेत असे, कारण ते आपल्या जिल्ह्यातलेच आहे. सुरगाणा-पेठ भागातून येणाऱ्या मुलामुलींना हा शब्द गावच्या आरोग्य केंद्रामुळे आधीच ठाऊक असे आणि त्या तासाला तीच मुले इतरांना सांगत. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू केली, ती याच आजारासाठी. यात बिघडते काय? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. अमिनो आम्ले जैवरेणूंच्या प्रकरणात शिकलेली असतात. ही अदलाबदल का होते, तर डीएनएतील एका अक्षराच्या बदलामुळे, म्हणजे आपण रेणवीय पायाच्या प्रकरणात पोचलो. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि केशिकांत अडकते, हे रक्ताभिसरण. आई व वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही या बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, ही आनुवंशिकता. येथे मी मुद्दाम थांबत असे, कारण ‘चार मुलांपैकी एक आजारी होणार’ असे अर्धा वर्ग लिहितो आणि ते चूक आहे. प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते, आधीच्या मुलाचा तिच्याशी संबंध नसतो. मग शेवटचा प्रश्न उरतो की इतके त्रासदायक जनुक पिढ्यान् पिढ्या टिकले कसे? कारण त्याची एकच प्रत असलेल्या वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, ही उत्क्रांती. एक अक्षर बदलते आणि पाच प्रकरणांत त्याचे पडसाद उमटतात. ज्या मुलीला हा प्रवास वाचताना पुढे काय होईल याची उत्सुकता वाटते, तिने जीवशास्त्र सोडू नये, असे माझे मत आहे. हा परिच्छेद वाचताना तुला काय वाटले, ते तूच स्वतःला प्रामाणिकपणे विचार.

आता भाषेबद्दल. ‘वर्गात सगळे इंग्रजीतून चालते आणि मला मराठी शब्द आठवत बसावे लागतात’ असे तू शेवटी, जवळजवळ माफी मागितल्यासारखे लिहिले आहेस. यात माफी मागण्यासारखे काही नाही, आणि पहिले चार-सहा महिने जड जातील, हेही मी लपवत नाही. पण तुझ्याजवळ एक साधन आहे, ज्याची किंमत तुझ्या लक्षात आलेली नाही. मायटोकॉन्ड्रिया हा शब्द ग्रीक आहे. ‘मायटोस’ म्हणजे धागा आणि ‘कॉन्ड्रियॉन’ म्हणजे कण. तुझ्या दहावीच्या पुस्तकात त्याला काय म्हटले होते? तंतुकणिका. ज्यांनी हा मराठी शब्द घडवला, त्यांनी ग्रीक शब्द उलगडून तुझ्यासमोर ठेवला होता. तोच ‘मायटोस’ मायटॉसिस या शब्दात आहे, म्हणून त्याला मराठीत सूत्री विभाजन म्हणतात. सूत्र म्हणजे पुन्हा धागाच. ग्लायकोलायसिसमध्ये ‘ग्लायको’ म्हणजे गोड आणि ‘लायसिस’ म्हणजे सुटे होणे. मिओसिस या शब्दातून ‘घट’ एवढेच कळते, पण अर्धगुणसूत्री विभाजन म्हटले की कशाची घट आणि किती, दोन्ही कळते. इंग्रजी माध्यमातील तुझ्या मैत्रिणीला हे शब्द केवळ आवाज म्हणून पाठ करावे लागतात. तुला त्यांचा अर्थ आधीच माहीत आहे, फक्त दोन्हींची गाठ मारायची आहे. एक शंभर पानी वही कर. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा तिच्या स्पेलिंगसह, मध्ये मराठी संज्ञा आणि उजवीकडे त्या वस्तूचे काम तुझ्या स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिही. एसटीच्या प्रवासात हीच वही वाचावी. स्पेलिंगकडे काणाडोळा करू नकोस, कारण ‘थायमीन’ हा डीएनएतील घटक आणि ‘थायमिन’ हे बी-१ जीवनसत्त्व यांची इंग्रजी अक्षरे थोडीच वेगळी आहेत आणि ती चुकली की उत्तर पूर्ण बदलते.

तुझ्या पत्रातील एका वाक्याने मला थोडे वाईट वाटले. ‘आमच्या घरी शेती आहे, त्यामुळे अभ्यासाचे वातावरण नाही,’ असे तू लिहिलेस. अगं, बारावीच्या वनस्पतींची वाढ या प्रकरणाची प्रयोगशाळा तुझ्या अंगणापासून सुरू होते. ऑक्टोबर छाटणीनंतर घड निघाले की तुझे वडील ‘जीए’ देतात ना? जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतीची वाढ घडवणारे एक संप्रेरक. जपानमध्ये भाताची काही रोपे विनाकारण उंच वाढून लोळत. कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवले की एका बुरशीतून बाहेर पडणाऱ्या पदार्थामुळे असे होते, आणि त्या बुरशीच्या नावावरूनच या गटाला जिबरेलिन हे नाव मिळाले. आता द्राक्षाचा प्रश्न असा: थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीलाच हे बाहेरून का द्यावे लागते? फळाच्या मण्याला फुगण्यासाठी लागणारे जिबरेलिन एरवी वाढत्या बियांकडून मिळते. बी नसेल तर पुरवठा तुटपुंजा, म्हणून मणी लहान राहतो आणि शेतकरी ती कसर जीएने भरून काढतो. यातच आणखी एक खाच आहे. बिनबियांचे फळ दिसले की ते फलनाशिवाय तयार झाले, असे विद्यार्थी सरसकट लिहितात. थॉमसनमध्ये फलन होते, पण गर्भ मध्येच खुंटतो आणि बीचा नुसता मागमूस राहतो. पुढच्या वेळी मणी दाताने अर्धा करून आत नीट बघ, तो बारीक मऊ अवशेष तुला दिसेल. छाटणीनंतर डोळे का फुटतात, याचे उत्तर शेंड्याच्या कळीतील ऑक्सिन या संप्रेरकात आहे. शेंडा गेला की बाजूच्या कळ्यांवरचा दाब उठतो. हे सगळे वडिलांना विचार. ‘जीए कोणत्या अवस्थेत देता आणि उशीर झाला तर काय होते’ असे विचारलेस, तर पुस्तकात नसलेला तपशील मिळेल आणि त्यांनाही कळेल की तू शिकतेस ते त्यांच्या बागेपासून फार लांबचे नाही.

आकृत्यांबद्दल तू लिहिले आहेस की त्या सुबक येतात, पण वेळ फार जातो. सुबकपणा थोडा कमी कर. आकृती ही उत्तराची सजावट असते, ही समजूत शाळेत पक्की होते. वास्तविक आकृती हे स्वतःची परीक्षा घेण्याचे सगळ्यात स्वस्त साधन आहे. पुस्तक मिटून मूत्रपिंडातील नेफ्रॉन काढायला बस. हेन्लेचा वळसा कोणत्या भागात उतरतो, संग्राहक नलिका कोठे येऊन मिळते, हे ज्या क्षणी पेन्सिल थांबते त्या क्षणी कळते. वाचताना ‘हे येते मला’ असे वाटते. काढताना तसे वाटून चालत नाही. नावांच्या रेषा एकाच बाजूला, सरळ आणि एकमेकींना न छेदणाऱ्या असाव्यात, इतके पुरे. रंगकाम नको.

प्रात्यक्षिकांना तू पत्रात एका शब्दानेही स्थान दिलेले नाही आणि बहुतेक मुले तसेच करतात. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत लेखी ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. ते ३० गुण महाविद्यालयात मिळूनच जातात, अशा हिशेबाने खासगी वर्गांसाठी प्रयोगशाळा बुडवणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांची जर्नले मैत्रिणींकडून उतरवलेली असत आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘ही स्लाइड तू स्वतः केलीस का?’ एवढे विचारले की चेहरा उतरत असे. गुण एकवेळ मिळतीलही, पण जे डोळ्यांनी पाहिले ते विसरत नाही, हा प्रयोगशाळेचा खरा लाभ आहे. बेडूक कापावा लागेल ही भीती अजूनही काही पालक बोलून दाखवतात. आता अकरावी-बारावीला तसे करावे लागत नाही. कांद्याचा पापुद्रा, फुलाचे भाग, लाळेतील अमायलेजचा पिष्टावर होणारा परिणाम, असे प्रयोग असतात. ते शांतपणे आणि स्वतःच्या हाताने करावेत.

परीक्षांविषयी मोजके लिहिते, कारण त्यावर तुला सल्ला देणारे खूप भेटतील. एकाच विषयाची तीन दारे आहेत आणि तिन्हींची रीत निराळी आहे. मंडळाच्या लेखी परीक्षेत दोन, तीन आणि चार गुणांची उत्तरे स्वतः रचून लिहावी लागतात. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राचे १०० गुणांचे १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि सुमारे २० टक्के भार अकरावीवर असतो. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीचे प्रवेश या मार्गाने होतात. ‘नीट’ या देशभरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण या एका विषयाचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्याला एक गुण जातो, आणि २०२५ पासून वेळ १८० मिनिटांची आहे, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट. नीटसाठी एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेचे पुस्तक ओळ न् ओळ वाचावे लागते आणि ते राज्य मंडळाच्या पुस्तकाशी सर्वत्र जुळत नाही. माझा सल्ला असा की यंदा प्रत्येक प्रकरण आधी महाविद्यालयाच्या पुस्तकातून समजून घे आणि मगच त्याच विषयाचे एनसीईआरटीचे प्रकरण वाचून जे जास्तीचे असेल ते समासात टिपून ठेव. दोन्ही पुस्तके समोर उघडून एकाच वेळी वाचणाऱ्या मुलांचा गोंधळ उडतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, पण तो निर्णय बारावीत अर्ज भरताना घे. तोवर तुझी इंग्रजी संज्ञांशी ओळख झालेली असेल.

वडिलांच्या इच्छेचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. ‘बायो ठेवले तर डॉक्टर व्हावेच लागेल आणि ते जमणार नसेल तर बायो कशाला’ अशी तुझ्या पत्रामागची मांडणी मला दिसते. नीटला गेली काही वर्षे देशभरातून २० लाखांहून अधिक मुले बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, हे घरात सगळ्यांनी एकदा शांतपणे ऐकून घ्यावे. स्वप्न मोडावे म्हणून हे सांगत नाही. विषयाचे मोल एका परीक्षेवर टांगून ठेवू नये, म्हणून सांगते. आपल्या नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि ते काही केवळ एमबीबीएसचे विद्यापीठ नाही; दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी या सगळ्या शाखा त्याच्याकडे आहेत. त्याखेरीज कृषी, पशुवैद्यक, मत्स्यविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्नतंत्रज्ञान हे मार्ग आहेत. तुझ्याच तालुक्यात केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांनी दरवर्षी किती फवारण्या होतात, चाळीत साठवलेला कांदा किती सडतो, हे तू लहानपणापासून बघतेस. त्या प्रश्नांवर काम करणाऱ्या माणसांनीही अकरावीला हेच पुस्तक वाचलेले असते. वडिलांना हे सगळे एकाच रात्री समजावून सांगायला जाऊ नकोस. ‘मी विषय सोडत नाही, पण बारावीनंतरचे दार एकच असेल असे आत्ता धरू नका’ एवढे सांगितलेस तरी सध्या पुरेल.

आता ‘बायो सोडू का’ या थेट प्रश्नाकडे येते. एका चाचणीवरून सोडू नकोस, असे मी म्हणेन. पण तू सोडायचेच ठरवलेस, तर ते ११ गुणांच्या धसक्याने नको, पडताळून ठरव. विषय बदलण्याची मुदत किती आहे, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन आधी विचारून घे, म्हणजे डोक्यावरची टांगती तलवार जाईल आणि हातात किती आठवडे आहेत हे कळेल. त्या अवधीत पेशी आणि जैवरेणू ही दोन प्रकरणे वेगळ्या रीतीने वाच. प्रत्येक घटकासमोर ‘हे नसते तर?’ हा प्रश्न वहीत लिहून स्वतः उत्तर काढ. लायसोसोम, म्हणजे पेशीतील पाचक विकरांची पिशवी, फुटली तर? पेशीपटलात प्रथिने नसती तर? न सुटलेले प्रश्न आठवड्यातून एकदा सरांना विचार. मग पुढच्या चाचणीचे गुण तर बघच, पण त्याहून अधिक हे बघ की अशा रीतीने वाचायला बसल्यावर वेळ कसा गेला. सतत घड्याळाकडे लक्ष जात असेल आणि गणिताची वही मात्र आपसूक उघडली जात असेल, तर जीवशास्त्र सोडण्यात कमीपणा नाही. अशी मुले माझ्या वर्गातून उठून गेली आणि छान शिकली. दोन्ही विषय झेपत असतील तर गणितही घाईने टाकू नकोस. जीवशास्त्राला गणित लागत नाही ही समजूत बारावीच्या आनुवंशिकतेत आणि समूहातील जनुकांचे प्रमाण मांडणाऱ्या हार्डी-वाइनबर्गच्या समीकरणाशी गाठ पडली की विरते. मात्र दोन्ही विषय, शिवाय खासगी वर्ग आणि रोजचा एसटीचा प्रवास यांत झोप सहा तासांच्या खाली जात असेल, तर काहीतरी एक कमी करावेच लागेल आणि ते प्रथम खासगी वर्गांतून करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुझा चुलतभाऊ सांगतो त्या इंटिग्रेटेड वर्गाचे, म्हणजे महाविद्यालय आणि खासगी वर्ग एकत्र चालवणाऱ्या सोयीचे, पैसे भरण्याआधी एवढेच विचारा की प्रयोगशाळेचे तास खरोखर होतात का.

शेवटचे काम याच रविवारी करायचे. लाल पेशीच्या त्या प्रश्नाचे उत्तर, माझे हे पत्र मिटून, आठ ओळींत स्वतःच्या शब्दांत लिही आणि सोमवारी ज्यांनी पेपर तपासला त्यांना दाखव. गुण वाढवून मागू नकोस, नुसते ‘आता बरोबर आहे का’ एवढे विचार. मग घरातला एक जुना, कोरडा, साधारण लिंबाएवढा कांदा निवड. त्याच्या बुडाची वाळलेली मुळे ब्लेडने अलगद खरवडून काढ, पण बुडाची चकती कापू नकोस, कारण नवी मुळे तेथूनच फुटतात. पाण्याने काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीच्या तोंडावर तो असा बसव की बूड तेवढे पाण्याला टेकेल. कांदा बुडाला तर सडतो. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे येतील. पेशीविभाजनाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती सकाळी घेऊन जा, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर रंगवून, आच्छादन काचेखाली अंगठ्याने सरळ दाब देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेव आणि मोजण्याचा प्रयत्न कर. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. पहिल्या स्लाइडमध्ये ती एकमेकांवर चढलेली दिसतील आणि मोजता येणार नाहीत. सरांकडून दुसरी काच मागून घे.

तुझी,
सदरलेखिका